घेतलं खरं, पण आता परत करायचंय

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच अडचणीची आहेत. हौसेने किंवा कुणाच्या तरी भरीस पडून मोठी खरेदी झाली, घरी आल्यावर पश्चात्ताप झाला आणि आता पैसे परत मिळत नाहीत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. दुकानांची आणि कंपन्यांची नावं काढली आहेत.

प्रश्न : मुलगा जर्मनीत असतो. ऑनलाइन मागवलेला कॅमेरा त्याने केवळ आवडला नाही म्हणून परत केला आणि पूर्ण पैसे मिळाले. आपल्याकडे दुकानदार सरळ ‘नाही’ म्हणतो. तसा कायदा आपल्याकडे नाही का?
– एक वाचक, ठाणे

नाही. युरोपीय संघात ऑनलाइन, फोनवर किंवा दारावर आलेल्या माणसाकडून घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते. ब्रिटनमध्येही साधारण तसंच आहे. मात्र दुकानात जाऊन, बघून घेतलेल्या वस्तूला तिथेही हा हक्क नाही. ती दुकानं परत घेतात ते त्यांच्या स्वतःच्या धोरणामुळे.

आपल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वेगळी रेघ मारलेली आहे. माल सदोष असेल किंवा सेवेत उणीव असेल, तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करावे लागतात. ते नाकारणं ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आणखी थोडं पुढे जातात. वस्तू बनावट असेल, जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळत नसेल किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. उशीर हेही वैध कारण आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

‘मन बदललं’ एवढ्याच कारणावर पैसे परत मिळण्याच्या जागा मोजक्या आहेत : विमा पॉलिसी, डिजिटल कर्ज, महारेराच्या (राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या) नमुन्यातल्या वाटपपत्रावर, म्हणजे घर तुमच्या नावे ठेवल्याच्या बिल्डरच्या पत्रावर, घेतलेलं घर आणि विक्रेत्याने स्वतः लिहून दिलेली परतीची मुदत. म्हणून आधी आपलं कारण कोणत्या रकान्यात बसतं ते प्रामाणिकपणे ठरवा. दोष नसताना ‘खराब निघालं’ असं लिहू नका. कंपनीचा माणूस तपासतो, ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारतो आणि मग तुमचं खरं म्हणणंही कुणी ऐकत नाही.

प्रश्न : मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरलं होतं. ‘बक्षीस लागलंय, जोडीने या’ म्हणून हॉटेलात बोलावलं. तीन तास बसवून घेतलं आणि २५ वर्षांचं हॉलिडे क्लबचं सदस्यत्व गळ्यात मारलं. किंमत २,४०,००० रुपये. ६०,००० क्रेडिट कार्डाने भरले, बाकीचे हप्ते आहेत. आज चौथा दिवस. आम्हा दोघांनाही हे नको आहे.
– एक दांपत्य, पिंपरी

चौथा दिवस म्हणजे अजून वेळ आहे, पण आजचा दिवस वाया घालवू नका. कराराची फाइल काढा आणि ‘रद्द करणे’, ‘कूलिंग-ऑफ’ (विचार बदलायची मुदत) किंवा ‘परतावा’ या मथळ्याखालचं कलम शोधा. ते सहसा शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात असतं. अशा अनेक करारांत दहा दिवसांच्या आसपास मुदत दिलेली असते. ती सहीच्या तारखेपासून मोजायची की पैसे भरल्यापासून की कागद हाती आल्यापासून, हे त्याच कलमात असतं. स्पष्ट नसेल तर सर्वांत आधीची तारीख धरा. रविवार आणि सुट्ट्याही धरून चाला.

फोन करून ‘आम्हाला नको’ सांगण्यात अर्थ नाही. तिकडून हमखास उत्तर येतं की साहेब रजेवर आहेत, सोमवारी बोलू, तोवर तुम्हाला वरच्या श्रेणीची खोली देतो, एक ट्रिप करून तर बघा. या टोलवाटोलवीत मुदत निघून जाते. करारात दिलेल्या पत्त्यावर आणि ई-मेलवर एकाच दिवशी लेखी कळवा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. मजकूर इतकाच पुरे :

‘आम्ही दिनांक … रोजी सदस्यत्व क्रमांक … च्या करारावर सही केली व कार्डाने ६०,००० रुपये भरले. करारातील कलम … नुसार आम्ही हे सदस्यत्व आजच्या तारखेपासून रद्द करत आहोत. कोणतीही खोली, सहल, व्हाउचर वा भेटवस्तू आम्ही वापरलेली नाही. मिळालेला संच परत करण्यास तयार आहोत. भरलेली रक्कम त्याच कार्डावर जमा करावी, पुढील हप्त्यांची परवानगी रद्द करावी व तसे लेखी कळवावे.’

कारणं लिहू नका. मुदतीत रद्द करायला कारण लागत नाही, आणि कारण दिलं की त्यावर समजूत घालणं सुरू होतं. ‘मोफत तीन दिवस’चं व्हाउचर मात्र अजिबात वापरू नका. ते वापरलं की ‘सेवा घेतली’ असं धरून कापाकापी करतात.

एक-दोन दिवसांत कंपनीकडून पडताळणीचा फोन येईल : ‘सगळं समजलं ना? काही तोंडी आश्वासन दिलं नव्हतं ना?’ तो रेकॉर्ड होतो. लोक घाईत ‘हो, हो’ म्हणतात आणि तेच पुढे त्यांच्याविरुद्ध वापरलं जातं. तिथे स्पष्ट सांगा की आम्ही लेखी रद्द केलं आहे.

हप्त्यांचं वेगळं बघावं लागतं. कर्ज एखाद्या ॲपमधून किंवा वित्त कंपनीकडून डिजिटल पद्धतीने काढून दिलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार किमान एक दिवसाची कूलिंग-ऑफ मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. आधी जाहीर केलेली प्रक्रिया फी तेवढी ठेवून घेऊ शकतात. तुमची मुदत किती, ते कर्जाच्या मुख्य तथ्य पत्रकात (‘की फॅक्ट स्टेटमेंट’) लिहिलेलं असतं. ती उलटली असेल तरी सदस्यत्व रद्द केल्याच्या पत्राची प्रत कर्ज देणाऱ्यालाही पाठवा. बँकेत जाऊन हप्त्याची परवानगी परस्पर बंद करू नका. हप्ता बाउन्स झाला की दंड लागतो आणि सिबिलवर डाग पडतो. क्लबने लेखी मान्य केलं, कर्ज बंद झाल्याचा दाखला हाती आला, की मग परवानगी काढा. पुढच्या तारखांचे चेक दिले असतील तर त्यांचे क्रमांक लिहून ते परत मागा.

मुदत उलटून गेलेल्यांसाठी रस्ता लांबचा आहे. तिथे कारणं लागतातच. कोण काय बोललं ते आठवून कागदावर उतरवा : ‘मे महिन्यातही हमखास खोली’, ‘वार्षिक देखभाल खर्च नाही’, ‘केव्हाही विकता येईल’. प्रत्येक वाक्यासमोर करारातलं उलटं कलम लिहा. चुकीची माहिती देऊन घेतलेली संमती १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे रद्द करता येते, पण पुरावा तुम्हाला द्यावा लागतो. ‘तोंडी आश्वासनं ग्राह्य नाहीत’ अशी ओळ करारात असतेच. त्यामुळे विक्रेत्याचे व्हॉट्सॲप मेसेज, त्याने पेनने आकडे काढलेला कागद, माहितीपत्रक यातलं काहीही टाकून देऊ नका. आणखी एक बारकावा असा की ‘हा करारच अन्यायकारक आहे’ अशी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगात करावी लागते. जिल्ह्यात जायचं तर मांडणी सेवेतील उणीव आणि अनुचित प्रथा अशी हवी.

प्रश्न : गुरुपुष्यामृताला ३० ग्रॅमचा हार घेतला. तीन दिवसांत लक्षात आलं की एवढा खर्च झेपणार नाही. सराफ म्हणतात, ‘बदलून घ्या, नाहीतर मोडीच्या भावाने घेतो.’ हार एकदाही घातलेला नाही.
– एक वाचक, लातूर

परत देणं, बदलणं आणि मोडणं या सराफी व्यवहारातल्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यात किती फरक पडतो ते आकड्यांतच बघा. हिशेबाला सोपं जावं म्हणून भाव ग्रॅमला १०,००० आणि घडणावळ १२ टक्के धरू.

सोनं ३,००,०००, घडणावळ ३६,०००, त्यावर ३ टक्के जीएसटी १०,०८०. बिल झालं ३,४६,०८०.

मोडायला दिला तर घडणावळ आणि जीएसटी दोन्ही बुडाले. वर सराफाने २ टक्के घट धरली तर हाती येतात २,९४,०००. तीन दिवसांत ५२,०८० रुपयांची चाट.

बदलून घेतला तर सोन्याचे ३,००,००० जमा धरतात, पण नव्या दागिन्याची घडणावळ आणि जीएसटी पुन्हा लागतो. तेवढ्याच वजनाच्या, ५ टक्के घडणावळीच्या साध्या पाटल्या घेतल्या तरी बिल होतं ३,२४,४५०, म्हणजे खिशातून आणखी २४,४५० द्यायचे. तुम्हाला रोकड हवी असेल तर हा मार्ग तुमच्या कामाचाच नाही.

खरा परतावा म्हणजे मूळ बिलाची उलटी नोंद. त्यासाठी सराफ ‘क्रेडिट नोट’ काढतो आणि त्याचा भरलेला जीएसटीही हिशेबात वळता होतो. तुमची मागणी हीच असू द्या आणि नेमक्या शब्दांत असू द्या : ‘मोड नको. मूळ बिलावर क्रेडिट नोट काढा. घडणावळीतली अर्धी रक्कम तुम्ही ठेवा.’ मग करपात्र रक्कम होते ३,१८,०००, त्यावर जीएसटी ९,५४०, आणि तुम्हाला मिळतात ३,२७,५४०. तोटा १८,५४० वर येतो. न वापरलेला हार सराफाला पुन्हा काउंटरवर मांडता येतो, म्हणून हे मागणं अवाजवी नाही. पण हा तुमचा हक्क नाही, घासाघीस आहे. तेव्हा भांडत जाऊ नका. दुपारच्या निवांत वेळी जा आणि मालकाशीच बोला.

जाण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. हाराची बारीक दोऱ्याची चिठ्ठी तशीच असली पाहिजे. कडी कमी केली, आकडा बदलला, तर परतावा संपला. दुसरं म्हणजे हारावर कोरलेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळते का, खड्यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, हे पाहा. शुद्धता कमी निघाली तर प्रश्न पश्चात्तापाचा राहत नाही. मग कमी भरलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो.

भाव मधल्या काळात चढला असेल तर सराफ बिलाच्या भावाने आनंदाने परत घेईल, तेव्हा मोडीचा हिशेबही करून बघा. वरच्या उदाहरणात भाव १०,६०० झाला तरी मोडीचे ३,११,६४० च होतात. पैसे बँकेतच घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारली तर आयकर कायद्याचा दंड स्वीकारणाऱ्याला, म्हणजे इथे तुम्हाला, बसू शकतो.

प्रश्न : सेलमध्ये रात्री ६०,००० चा फोन ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर मागवला. उद्या येणार आहे. नको असेल तर काय करू? आल्यावर परत करता येईल ना?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

आजच रद्द करा. माल गोदामातून निघायच्या आधीचं बटण सर्वांत स्वस्त पडतं. निघाला असेल तर उद्या घेऊच नका. डिलिव्हरीच्या मुलाला ओटीपी देऊ नका आणि ‘ग्राहकाने नाकारला’ अशी नोंद त्याच्यासमोर करून घ्या. एकदा ओटीपी दिला की व्यवहार पूर्ण झाला. फोन-लॅपटॉपच्या पानावर बहुतेक वेळा ‘७ दिवसांत फक्त बदली’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे दोष असेल तरच दुसरा नग, पैसे नाहीत. त्यातून फोन सुरू केला, खातं जोडलं, की तो कंपनीच्या नोंदीत ‘चालू’ होतो आणि मग विक्रेता तो नवा म्हणून विकू शकत नाही.

पेटी घ्यावीच लागली तर सील फोडू नका. फोडण्यावाचून गत्यंतर नसेल तर पेटीवरचा पत्ता दिसेल असं धरून, न थांबता, एकाच चित्रफितीत फोडा. आत वेगळा रंग, कमी साठवण किंवा वापरलेला नग निघाला तर तेच तुमचं साक्षीपत्र.

आता ‘नो कॉस्ट’विषयी. यात व्याज असतंच. ते विक्रेता आधी सवलत म्हणून वजा करतो आणि बँक नंतर वसूल करते. समजा सवलत ३,००० आहे. बँक ५७,००० चं कर्ज धरते, ३,००० व्याज लावते आणि त्या व्याजावर १८ टक्के म्हणजे ५४० रुपये जीएसटी घेते. शिवाय १९९ प्रक्रिया फी असेल तर तिच्यावरही १८ टक्के. खरेदी रद्द झाली की विक्रेत्याकडून ५७,००० येतात. तोवर लागलेलं व्याज, त्यावरचा जीएसटी आणि प्रक्रिया फी बहुधा परत येत नाही. म्हणून एकेक दिवस मोलाचा.

इथे आणखी एक चूक होते. पैसे कार्डावर जमा होतात, पण हप्ते चालूच राहतात, कारण बँकेच्या लेखी या दोन वेगळ्या नोंदी असतात. परतावा दिसताच बँकेला फोन करून ‘हा परतावा अमुक हप्ते-कर्जाला लावा आणि ते बंद करा’ असं सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. त्या महिन्याचं बिल आलं असेल तर परताव्याची वाट न बघता किमान देय रक्कम भरून टाका. परतावा म्हणजे बिलभरणा असं सगळ्या बँका धरत नाहीत.

विक्रेता ‘आम्ही पैसे पाठवले’ म्हणतो आणि बँक ‘आले नाहीत’ म्हणते, तेव्हा विक्रेत्याकडून कार्डासाठी २३ अंकी एआरएन आणि यूपीआयसाठी १२ अंकी आरआरएन मागा. त्या क्रमांकावर बँकेला रक्कम शोधता येते. क्रमांक देत नाहीत, याचा अर्थ बहुतेक वेळा परतावा निघालेलाच नसतो. मग बँकेकडे ‘परतावा कबूल, पण जमा नाही’ या कारणाखाली चार्जबॅक (कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत घेणं) मागा. निव्वळ पश्चात्तापासाठी चार्जबॅक मिळत नाही.

प्रश्न : निवृत्त वडिलांना बँकेतल्या माणसाने ‘एफडीसारखंच आहे’ म्हणून २,००,००० ची विमा पॉलिसी दिली. घरी आल्यावर कळलं की दहा वर्षं दरवर्षी एवढेच भरायचे आहेत. पॉलिसी ई-मेलवर येऊन १८ दिवस झाले.
– एक वाचक, सातारा

या पत्रांतला सर्वांत हमखास परतावा हाच आहे. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवस ‘फ्री लूक’ची, म्हणजे वाचून नको वाटली तर परत करायची, मुदत असते, मग ती कागदावर असो वा ई-मेलवर. तुमच्याकडे १२ दिवस आहेत. वाद नको म्हणून पहिल्या दोन दिवसांतच काम उरका.

अर्जावर एकच वाक्य ठळक हवं : ‘फ्री लूक मुदतीत पॉलिसी रद्द करत आहे.’ ‘सरेंडर’ हा शब्द कुठेही लिहू नका आणि सरेंडरच्या फॉर्मवर सही करू नका. ‘फॉर्म एकच असतो’ असं कुणी सांगितलं तरी नाही. सरेंडरमध्ये पहिल्या हप्त्यातलं फार थोडं किंवा काहीच हाती लागत नाही. फ्री लूकमध्ये मात्र तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क एवढंच कापून बाकी रक्कम मिळते. युलिप (बाजाराशी जोडलेली पॉलिसी) असेल तर युनिटच्या त्या दिवसाच्या किमतीचाही फरक पडतो. अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत पैसे द्यायचे असतात.

अर्ज बँकेत देऊ नका, विमा कंपनीच्या शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. सोबत पॉलिसीची प्रत, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक जोडा. ई-मेलही करा. नंतर वडिलांना ‘ही पॉलिसी ठेवा, फायदा आहे’ असे फोन येतील. ते फोन तुम्ही घ्या.

मुदत उलटलेल्यांनी विमा कंपनीकडे चुकीची माहिती देऊन विक्री झाल्याची लेखी तक्रार करावी, मग विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपाल. ही कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

प्रश्न : ४२,००० ची पैठणी घेतली, पिको-फॉलही केला. आता वाटतंय फारच महाग पडली. बिलावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय.
– एक वाचक, कोल्हापूर

नुसती महाग वाटते म्हणून आता परत होणार नाही, आणि दुकानदाराचं इथे चूक नाही. पिकोने काठाची कड वळली, फॉलच्या टाक्यांची भोकं पडली. ती साडी नवी म्हणून विकता येत नाही. यापुढे भारी साडीचा पिको-फॉल आठवडाभर थांबून करा.

पण ती ‘हातमागाची’ म्हणून विकली असेल तर पदर उजेडात उलटा करून बघा. हाताने विणलेल्या पैठणीत पदरावरचा मोर मागून-पुढून सारखाच स्वच्छ दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा तिथल्या तिथे गुंतवलेला असतो. मागे सुट्या धाग्यांचं जाळं किंवा कापलेल्या टोकांची लव दिसली तर ती यंत्रावरची विण समजा. सिल्क मार्क फक्त रेशीम खरं असल्याचं सांगतो, हातमागाचं नाही. बिलावर ‘हातमाग’ लिहिलं असेल आणि साडी तशी नसेल, तर पिको-फॉल झालेला असो वा नसो, ती छापील ओळ दुकानदाराला वाचवत नाही.

प्रश्न : गृहप्रदर्शनात भुरळ पडली आणि ८० लाखांच्या फ्लॅटसाठी १ लाख देऊन बुकिंग केलं. वाटपपत्र मिळून १२ दिवस झाले.
– एक वाचक, डोंबिवली

तुमच्याकडे तीन दिवस आहेत. महारेराच्या नमुना वाटपपत्रानुसार पत्राच्या तारखेपासून १५ दिवसांत रद्द केलं तर काहीही कापता येत नाही. १६ ते ३० दिवसांत घराच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के. टक्केवारी तुम्ही भरलेल्या रकमेवर नाही, घराच्या किमतीवर आहे. म्हणजे सोळाव्या दिवशी तुमच्या १ लाखातले ८०,००० जातील. आजच ई-मेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही करा. परतावा ४५ दिवसांत द्यायचा असतो. तुमच्या वाटपपत्रातलं कलम या नमुन्याशी ताडून बघा. वेगळं असेल तर ते पत्रात नमूद करा. आणि करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : प्रदर्शनातून १,६०,००० ची मसाज खुर्ची घेतली. ‘१५ दिवस वापरा, नाही आवडली तर परत’ असं सांगितलं होतं. दहाव्या दिवशी फोन केला तर म्हणतात, ‘जीएसटी भरला, आता काही होत नाही.’
– एक वाचक, नाशिक

जीएसटीची सबब खोटी आहे. माल परत आल्यावर विक्रेत्याला क्रेडिट नोट काढून कर वळता करून घेता येतो. त्यासाठी त्याला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते, वार्षिक विवरणपत्र आधी भरलं तर तोपर्यंत. हे त्याच्या सीएला पक्कं ठाऊक असतं. पत्रात एवढंच लिहा : ‘जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट काढावी.’ या ओळीनंतर बोलण्याचा सूर बदलतो.

तुमचा मुख्य आधार ‘१५ दिवस’ हे शब्द आहेत. ते पत्रकावर, स्टॉलच्या फलकाच्या फोटोत, व्हॉट्सॲपवर किंवा बिलाच्या पाठीमागे कुठे सापडतात का ते आज शोधा. काहीच नसेल तर विक्रेत्याला मेसेज करा : ‘तुम्ही १५ दिवसांत परत घेण्याचं सांगितलं होतं, त्यानुसार खुर्ची कधी नेता?’ बरेच जण ‘हो सर, पण…’ असं उत्तर देतात. त्या ‘हो’चा स्क्रीनशॉट ठेवा. पंधरावा दिवस उलटायच्या आत लेखी मागणी गेलीच पाहिजे. खुर्ची झाकून ठेवा, वापर थांबवा, मूळ खोका आणि थर्माकोल फेकू नका. वाहतूक आणि पुन्हा बांधणीचा खर्च तुम्ही उचलायची तयारी दाखवलीत तर बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

नाही मिटलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा ८८००००१९१५ या व्हॉट्सॲप क्रमांकावर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, विक्रेत्याकडे पाठपुरावा करते. त्यानंतर १५ दिवसांची लेखी नोटीस, आणि मग ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगात तक्रार. ती तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता कुठलाही असो. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य आणि वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. सोबत बिल, पैसे भरल्याची नोंद, आश्वासनाचा पुरावा, तुमची मागणी आणि त्यांचा नकार हे कागद तारखेच्या क्रमाने लावा आणि प्रत्येक पानावर क्रमांक घाला. आश्वासनाचा पुरावा काहीच हाती नसेल आणि खुर्ची चांगली चालत असेल, तर आयोगात हेलपाटे घालू नका. खोका शाबूत असताना, वॉरंटी कार्डासह ती विकायला काढा. दहा दिवसांच्या खुर्चीला जी किंमत येईल ती सहा महिन्यांनी येणार नाही.